हळद लागलेली सायकल

त्या वर्षी आमच्या घरात पोहे फक्त माझ्यासाठी होत आणि मला ते खायला मिळत नसत. टेंभी नाक्याच्या मागे आमचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड होतं. पुढच्या खोलीत चांगली सतरंजी पडली, कोपऱ्यातलं शिवणाचं मशीन चादरीखाली गेलं आणि आतून फोडणीचा वास आला, की शेजारपाजारच्यांना कळायचं, कुमुदला बघायला कोणी तरी येतंय. आई पोहे फार सुरेख करी. वर ओलं खोबरं, कोथिंबीर, कडेला लिंबाची फोड. मुलाकडची मंडळी मागून मागून खात, निघताना 'कळवतो' म्हणत आणि आठ दिवसांनी 'योग दिसत नाही' असं कळवत. असं चारदा झालं होतं. पोह्यांना मात्र कोणी नकार दिल्याचं आठवत नाही.

मी तेव्हा वीस वर्षांची होते आणि गावाबाहेर माजिवड्याच्या अंगाला एका शाळेत शिकवत होते. अण्णा, म्हणजे माझे वडील, कचेरीत कारकून होते. घरात ते फारच कमी बोलत, कारण त्यांच्या वाट्याचं बोलणं आत्या बोलून टाकी. आत्या अण्णांची थोरली बहीण. लहानपणीच विधवा होऊन भावाकडे आली होती आणि तेव्हापासून घरातला शेवटचा शब्द तिचा. पहाटे बंबात लाकडं सरकवण्याच्या आवाजात तिचं स्तोत्र चाले, आणि स्तोत्राच्या दोन ओळींमध्ये आदल्या दिवशीच्या आमच्या चुका. शाळा लांब म्हणून अण्णांनी एका पारशी नर्सबाईंची जुनी लेडीज सायकल मला घेऊन दिली होती. मागच्या चाकाला पदर अडकू नये म्हणून जाळी, घसा बसल्यासारखी घंटी. तिच्यावर आत्याची अट एकच होती : घर ते शाळा आणि शाळा ते घर. सायकलला ती 'यंत्र' म्हणे. 'यंत्र भिंतीला टेकवून ठेव, वाटेत नको.'

लीला माझ्याच शाळेत शिकवायची. ती मूळची मालवणकडची, अंगाने दणकट आणि कशालाच न भिणारी. तिच्याकडे भावाची पुरुषी सायकल होती. साडीचा काचा मारून ती अशी टांग टाकी, की पोस्टमन स्वतःच्या सायकलवरून उतरून बघत राही. माघातल्या एका शनिवारी मधल्या सुट्टीत तिनेच कल्पना काढली. टिटवाळ्याच्या गणपतीला जायचं, पण सायकलने! ठाण्याहून मुंब्रा, शीळ, कल्याण, शहाड करत. सकाळी निघायचं, दर्शन घेऊन संध्याकाळपर्यंत परत. दोन मुलींनी इतक्या लांब सायकल मारल्याचं आम्ही तरी ऐकलं नव्हतं, आणि आपणच पहिल्या असणार या विचाराने आम्हाला इतकं मोठं वाटलं, की मधल्या सुट्टीनंतर मी तिसरीच्या वर्गाला चौथीचं गणित घातलं.

घरी आले तर पाचव्या पोह्यांची तयारी! गिरगावातून कार्ड आलं होतं : रविवारी संध्याकाळी पाच वाजता मुलगा, त्याची आई आणि मामा मुलगी पाहण्यास येत आहेत. मी चाचरत टिटवाळ्याचं काढलं. मला वाटलं, आता आत्या उखडणार. पण आत्याचा चेहरा एकदम उजळला. "जाऊन ये हो जरूर! बघायला येण्याआधी गणपतीच्या पायावर डोकं ठेवलं तर बरंच. सकाळच्या गाडीने जा, बारापर्यंत परत ये." गाडीने जाणार नाही, असं मी म्हटलं नाही. मी इतकंच म्हटलं, "स्टेशनपर्यंत सायकल नेते." हे अगदी खरं होतं. आमचा रस्ता स्टेशनावरूनच पुढे जात होता.

पहाटे निघालो तेव्हा थंडी चांगलीच होती. कळव्याच्या पुलावर खाडीचा वारा अंगात शिरला आणि लीलाचे दात वाजायला लागले. तशातही ती गातच होती. मुंब्र्याच्या डोंगराखाली उजाडलं. शीळच्या फाट्यावरून कल्याणचा रस्ता धरला आणि दोन्ही बाजूंना कापणी झालेली भातशेतं, मधूनच वालाची हिरवी चादर, आणि माणूस नाही. आज त्या रस्त्याने नातवाच्या मोटारीतून जाताना मी त्याला सांगते, इथे माणूस नव्हता. तो म्हणतो, "आजी, तेच बरं होतं," आणि हॉर्न वाजवतो. वाटेत जे भेटले ते थांबून बघत. एक गुराखी म्हातारा तर हात जोडून उभा राहिला. आम्ही कोण आहोत असं त्याला वाटलं कोण जाणे. आम्हीही मान डोलावून नमस्कार स्वीकारला. कल्याणला स्टेशनाजवळ चहा घेतला. टांगेवाले आमच्याकडे आणि त्यांची घोडी सायकलींकडे बघत होती. मग शहाडचा पूल लागला. खाली उल्हास नदी संथ पडलेली. पुलावर उतरून आम्ही शाळेतून आणलेला जिल्ह्याचा नकाशा उलगडला आणि सेनापतींसारखं बोटाने अंतर मोजलं. टिटवाळा आता हाताशीच होता. आम्ही नकाशा आणला होता, लिमलेटच्या गोळ्या आणल्या होत्या, केस नीट करायला कंगवा आणला होता. पंक्चरचं सामान तेवढं आणलं नव्हतं.

पुलापुढे मैलभर गेलो नसू, तोच माझं मागचं चाक बसलं. बाभळीचा काटा पार आत गेला होता. आजूबाजूला शेतं, एक विहीर, आणि सायकलींच्या चाकांबद्दल काहीही न बोलणारा तो नकाशा. लीला म्हणाली, "मी डबलसीट घेते तुला." "आणि माझी सायकल?" या प्रश्नापाशी आम्ही बराच वेळ उभ्या होतो. मग मागून बैलगाडी आली. गाडीत रंगवलेली मडकी, आंब्याचे टहाळे आणि सात-आठ बायका. लग्नघराची गाडी होती हे दिसतच होतं. पुढे बसलेल्या जाड बाईने गाडी थांबवली.

"काय झालंय गो पोरींनो?"

"पंक्चर झालं."

"मंग रडता कशाला? चला वर. माझा दीर पंचर काढतं. दुपारला येल तो कल्यानवरना." ती आगरी बोलीत हे इतक्या सहज म्हणाली, की आम्ही तिच्याच घरी निघालो होतो आणि तिला उशीर झाला होता असं वाटावं.

मी 'नको, कशाला त्रास' असं शुद्ध पुस्तकी मराठीत म्हणेपर्यंत माझी सायकल मडक्यांवर चढली होती.

गाव नदीच्या कडेला होतं. त्याचं नाव लिहीत नाही, कारण तिथे आता वीस-वीस मजली इमारती आहेत आणि तिथल्या लोकांना त्यांच्या बाल्कनीखाली काय झालं हे सांगून उपयोग नाही. ती जाड बाई म्हणजे नवरीची आई. लग्न दुसऱ्या दिवशी होतं, आज हळद होती. अंगणात मांडव, दारात नवीन चूल, एकीकडे उखळात हळकुंडं कुटली जात होती आणि त्या ठेक्यावर एक म्हातारी खड्या आवाजात गात होती. ती धवलारीण. त्या लोकांत तेव्हा लग्न लावायचं ते धवलारणीने, गाण्यातून. कुठला विधी कधी, कोणी काय करायचं, सगळं तिच्या तोंडात. तिच्यापुढे घरचा बापसुद्धा हूं की चूं करत नव्हता. मला आत्याची आठवण झाली, पण आत्या गात नसे.

आम्हाला बाजेवर बसवलं, पाणी दिलं आणि सगळ्या घराने वळसा घालून बघून घेतलं. मग ताटं आली : तांदळाच्या पांढऱ्याशुभ्र भाकऱ्या आणि माशांचं लालभडक कालवण. लीलाने 'अगं आई गं' असा आनंदाचा उद्गार काढून हात धुतले. मी म्हटलं, "मी मासे खात नाही." नवरीच्या आईने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

"दुखतंय काय गो तुझं?"

"नाही, आमच्यात खातच नाहीत."

"कवाच नाय?"

"कधीच नाही."

तिने मागे वळून बायकांना हे सांगितलं. त्यांच्यात हळहळ पसरली. एकीने विचारलं, "मंग जगतंस कशावर?" आणि दहा मिनिटांत त्या लग्नाच्या धांदलीत, शंभर माणसांच्या स्वयंपाकातून उठून एका बाईने माझ्यासाठी वेगळं पातेलं चुलीवर चढवलं, नवं कोरं, आजवर मासळी न लागलेलं. वालाचं बिरडं केलं. मी पोटभर जेवले. आमच्या घरी पाहुण्यांना तीन तास आधी कळवल्याशिवाय यायची मुभा नव्हती, हे तेव्हा मला पहिल्यांदा जरा चमत्कारिक वाटलं.

नवरी माझ्याशेजारी येऊन बसली. चांगुणा तिचं नाव. माझ्याहून दोन वर्षांनी लहान. सकाळची पहिली हळद लागली होती, त्यामुळे चेहरा, हात, पाय, सगळं पिवळं, आणि त्यात डोळे काळेभोर. मी शिक्षिका होते, शिवाय सायकलवरून आले होते. तिची कीव करणं मला भागच होतं. मी म्हटलं, "इतक्या लवकर लग्न करतेस? शिकावंसं नाही वाटलं?"

"चौथी शिकलू ना," ती म्हणाली. "वाचता येतं. तुमची सायकल कवरी भारी हाय गो!"

"लग्न घरच्यांनी ठरवलं असेल," मी समजूतदारपणे म्हटलं.

"नाय. मीच ठरवलंय." तिने मला सविस्तर सांगितलं. दोन मुलं आधी आली होती. एकाला तिने नाही म्हटलं कारण तो आपल्या बैलाला विनाकारण मारत होता. दुसऱ्याला नाही म्हटलं, का ते मला आता आठवत नाही. हा तिसरा तिने जत्रेत पाहिला. मोहने गावच्या कारखान्यात कामाला होता, सायकलने जायचा-यायचा. तिने बापाला सांगितलं, बाप जाऊन बोलून आला, मग मुलगा घरी आला. "मी त्याला इचारलं, दारू पितस काय? तो बोलला, कवा कवा. मी बोललू, कवा कवा म्हंजे कवा? तो बोलला, शिमग्याला न् हलदीला. मी बोललू, बरं हाय."

मग तिनेच विचारलं, "तुझं कवा?"

आणि मला कळायच्या आत मी खरं सांगून बसले, की आज संध्याकाळी पाच वाजता मला बघायला येणार आहेत.

"आज? मंग कसा हाय तो?"

"माहीत नाही. मी पाहिलेला नाही."

"नाव?"

नाव कार्डावर होतं, पण कार्ड अण्णांनी वाचलं होतं. मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. तिथे बसून हे पहिल्यांदा माझ्या ध्यानात आलं. चांगुणाने आईला हाक मारली. "आये, इकरं ये. हीला बगाला येनार न् हीला नावपन ठाव नाय!" आई आली, तिच्या मागून हळद कुटणाऱ्या आल्या. सगळ्या माझ्याभोवती उभ्या राहिल्या. "तू त्याला काय इचारत नाय?" "आमच्यात मुलगी विचारत नाही. ती पोहे घेऊन बाहेर येते." "न् मंग?" "मग ते विचारतात. स्वयंपाक येतो का, गाणं येतं का. एकदा चालून दाखवायला सांगितलं होतं." यावर एक म्हातारी कळवळून म्हणाली, "चालून? बैल हाय काय ती! शिकलेल्या पोरी बिचाऱ्या." आणि नवरीच्या आईने माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. एवढ्या मायेने माझी कीव त्याआधी कोणी केली नव्हती. लीला माशाचा काटा चोखत खाली मान घालून हसत होती. तिच्याशी मी पुढे तासभर बोलले नाही.

एकच्या सुमारास चांगुणाचा काका कल्याणहून आला. डोक्यावर पत्रावळींचा भारा होता, तो उतरवून लगेच चाकाला बसला. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघितले, कानस मारली, तुकडा चिकटवला, हवा भरली. आता निघायचं. पण चांगुणा माझी सायकल धरून उभी.

"मना एकदा बसाचं हाय."

"नवऱ्याच्या सायकलवर बस उद्यापासून," काका म्हणाला.

"त्याच्या सायकलवर मागं बसाचं. पोत्यावानी. मना पुरं बसाचं हाय, हांडल धरून. आज."

आईने कपाळावर हात मारला. हळद लागलेल्या नवरीने मांडवाबाहेर पाऊल टाकायचं नसतं. बाहेर नजर लागते, भूतबाधा होते, लग्नाला विघ्न येतं. बायका एका आवाजात बोलायला लागल्या. एक चुलती रागावून म्हणाली, "या दोगी कुठल्या कोन, यांनी पोरीचं डोकं फिरवलं." आणि ते खोटं नव्हतं. आम्ही अन्न खाल्लेलं घर, उद्या लग्न, आणि आमच्या सायकलवरून तिथे भांडण. मी म्हटलं, "चांगुणा, नको गं, आम्ही जातो." तिने सायकल सोडली नाही. रडली नाही, ओरडली नाही, फक्त सोडली नाही.

तेव्हा गाणं थांबलं. धवलारीण उठून आली. ती सायकलभोवती एकदा फिरली, पेडल पायाने फिरवून पाहिलं आणि मला विचारलं, "हिच्यावर बसलं का पाय कुठं असतात?"

"पेडलवर."

"भुईला लागत नाय?"

"चालू असेल तोवर नाही."

म्हातारी बायकांकडे वळली. "नवरीचा पाय मांडवाबाहेर भुईला लागाचा नाय. असं हाय ना? मंग हिचा पाय भुईला लागतो कुठं? बसवा."

कचेरीत अण्णांच्या साहेबांनी दिलेले निकाल मी ऐकले आहेत. इतका स्वच्छ एकही नव्हता. मग तिने आणखी एक सांगितलं : नवरीला घेऊन जातो त्याला हळद लागली पाहिजे, घोडा असो की गाडी. म्हणून सायकलच्या हँडलला, सीटला, घंटीला हळद लावली. मला आणि लीलालाही लावली, कारण आम्ही दोन्ही बाजूंनी धरणार होतो.

काकाने चांगुणाला उचलून मांडवातच सीटवर बसवलं. मी डावीकडून, लीला उजवीकडून. अंगणातून बाहेर, पायवाटेवरून कापणी झालेल्या शेतात. जमीन वाळून टणक झाली होती. मी सांगत होते, समोर बघ, पायाकडे नको, हँडल सैल धर. शाळेत तीच वाक्यं मी अंकलिपीसाठी वापरी. तिचं अंग ताठ झालं होतं आणि कपाळावरून हळदीचे ओघळ येत होते. आम्ही पळायला लागलो. मागून अख्खं गाव. मग लीला धापा टाकत म्हणाली, "सोडते गं," आणि सोडलं. माझ्या हातातूनही सीट निसटली. चांगुणा गेली. वेडीवाकडी, पण गेली. पंधरा पावलं, वीस, चाळीस. पिवळं लुगडं, पिवळे हात, आणि ती घसा बसलेली घंटी सारखी वाजवत. मी तिथे कमरेवर हात ठेवून उभी राहिले आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. धावल्यामुळे असेल.

मग माझ्या ध्यानात आलं, की थांबायचं कसं हे आपण शिकवलेलंच नाही. थांबायचं म्हणजे पाय खाली टेकायचा, आणि पाय खाली टेकायचा नाही. चांगुणालाही ते कळलं असावं, कारण ती ओरडली, "आये! आता काय करू?" बांध समोर आला. तिने हँडल फिरवलं आणि ती सायकलसकट सरळ पेंढ्याच्या उडवीत घुसली. क्षणभर बाहेर फक्त मागचं चाक दिसत होतं आणि ते फिरत होतं.

सगळे धावले. पेंढा बाजूला केला, तर चांगुणा आत पाठीवर पडली होती आणि हसत होती. कोपर सोलवटलं होतं. हळद तिथे भरपूर होतीच, ती जखमेवर लावली गेली. पण खरा प्रश्न निराळा होता. चुलतीने तो विचारला. "पाय लागलं काय भुईला?"

चांगुणा पेंढ्यात उभी होती. सगळ्यांनी धवलारणीकडे पाहिलं. म्हातारीने वाकून तिच्या पायांखालचा पेंढा चाचपला, वीतभर जाड होता. ती म्हणाली, "पेंढा हाय. पेंढा म्हंजे भुई नाय. उचला पोरीला." काकाने पुतणीला खांद्यावर घेतलं आणि सगळी मिरवणूक गाणं म्हणत मांडवात परतली.

निघताना नवरीच्या आईने आमच्या ओटीत नारळ घातले. माझ्या पाठीवरून हात फिरवून ती म्हणाली, "त्याला काय तरी इचार गो. बारीक तरी." टिटवाळा समोर होता, पण वेळ उरला नव्हता. गणपतीला मनातल्या मनात नमस्कार करून आम्ही ठाण्याकडे सायकली फिरवल्या. शीळपर्यंत पाय मी सांगेन तसं ऐकत होते, मुंब्र्यानंतर ते माझे राहिले नाहीत.

पावणेसहाला दारात पोचले. दाराबाहेर तीन जोड पाहुण्यांच्या चपला. साडीवर, गालांवर, हातांवर हळद, केसांत पेंढा. मागच्या दाराने जायची सोय आमच्या बिऱ्हाडाला नव्हती. मी सायकल भिंतीला टेकवली आणि आत गेले. सतरंजीवर मुलगा, आई आणि मामा ओळीने बसले होते. पोहे संपले होते. बोलणंही केव्हाच संपलेलं दिसत होतं. आत्याने माझ्याकडे पाहिलं आणि तिच्या हातातली वाटी खाली पडली.

मुलाची आई शांतपणे म्हणाली, "मुलीला हळद लागलेलीच दिसते. आम्हाला उशीर झाला का?"

आत्या हुशार. ती झटकन म्हणाली, "गणपतीची हो, टिटवाळ्याची!" आणि माझ्या पदरातला नारळ काढून घेऊन तिने देवापुढे फोडला, पाहुण्यांच्या हातावर खोबरं ठेवलं. "महागणपतीचा प्रसाद." त्या तिघांनी तो डोळ्यांना लावून खाल्ला. मीही लावला. त्या लग्नघराला माझा नमस्कार पोचायला दुसरी वाट नव्हती.

मामांनी नेहमीप्रमाणे स्वयंपाकाचं विचारलं. मी सांगितलं, येतो. मग मी म्हटलं, "मला एक विचारायचं आहे." मी मुलाकडे बघितलं. पाच जणांत पहिल्यांदाच मी बघितलं होतं. गोरा, बारीक, हातरुमाल मुठीत. "तुमचं नाव काय?"

त्याने नाव सांगितलं.

"तुम्ही स्वतःच्या मनाने आलात का?"

त्याने आईकडे पाहिलं. मग मामांकडे. मग रिकाम्या बशीकडे पाहून तो म्हणाला, "पोहे फार छान होते." मला त्याचा राग आला नाही. त्याचंही चालून दाखवणंच चाललं होतं.

आठ दिवसांनी कार्ड आलं : मुलगी चुणचुणीत आहे, परंतु पत्रिका जुळत नाही. पत्रिका आम्ही दिलीच नव्हती.

पण त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. पाहुणे गेल्यावर आत्या जी सुरू झाली ती थांबेना. यंत्र विकून टाका, शाळा बंद करा, हिला माझ्या नजरेसमोर बसवा. आई पदराने डोळे पुसत होती. मी वाट बघत होते अण्णांची, कारण सायकल त्यांनी घेऊन दिली होती आणि तेच ती काढून घेऊ शकत होते. अण्णा उठून बाहेर गेले. मी मागोमाग गेले. ते वाकून मागच्या चाकाची हवा दाबून बघत होते.

"कुठवर?"

"शहाडच्या पुढे."

"जाऊन-येऊन चाळीस मैल होतील." त्यांनी हळद लागलेली घंटी एकदा हळूच वाजवली. "चढावर उतरलीस?"

"एकदा. शीळला."

"हं," अण्णा म्हणाले. आत जाऊन आत्याला म्हणाले, "सायकल राहील." बहिणीपुढे त्यांनी वाक्य पूर्ण केलेलं मी आयुष्यात त्या एकाच वेळी ऐकलं. आत्याने मघाशी पडलेली वाटी उचलली आणि ती आत गेली.

लीलाने सोमवारी शाळेत पोटदुखीचं कळवलं आणि परस्पर आगगाडीने त्या लग्नाला जाऊन आली. मासे खाऊन आली हे तिच्या चेहऱ्यावरून मंगळवारीही कळत होतं. ती म्हणाली, पाठवणीला नवऱ्याने आपली सायकल आणली होती. चांगुणा मागे बसली नाही. ती पुढे सीटवर बसली, हँडल धरलं, आणि नवरा नदीच्या वाटेने बाजूने चालत सायकल ढकलत गेला. धवलारणीने त्याबद्दल काही नियम सांगितला का, हे विचारायचं लीलाला सुचलं नाही.

त्यानंतर कुठूनही विचारणा आली की अण्णा उत्तराच्या कार्डात शेवटी एक ओळ लिहीत : 'मुलीस मुलाला काही प्रश्न विचारावयाचे आहेत.' त्या ओळीने मोठी शांतता दिली. दोन वर्षं आमच्याकडचे पोहे आम्हीच खाल्ले.

मग एका बुधवारी दुपारी, तिसरीचा भूगोलाचा तास चालू असताना, शाळेच्या फाटकाशी एक माणूस येऊन उभा राहिला. शिपायाने येऊन सांगितलं, बाई, तुमच्याकडे आलेत. मी व्हरांड्यात गेले. तो म्हणाला, "तुमच्या वडिलांचं कार्ड मिळालं. घरी येऊन बसण्यापेक्षा म्हटलं, इथेच यावं. मी बघायला आलेलो नाही. दाखवायला आलोय. तुम्ही बघून घ्या, प्रश्न विचारा, मग मी जातो."

मी म्हटलं, "तास चालू आहे. थांबावं लागेल."

"थांबतो," तो म्हणाला आणि खरंच फाटकाबाहेर उन्हात उभा राहिला. सावलीत जायचं त्याला सुचलं नाही, मीही सुचवलं नाही. मुलांना मी ठाणे जिल्ह्यातल्या नद्या लिहायला सांगितल्या आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले. घाई नव्हती. निम्मा तास बाकी होता. पाहता पाहता त्याने टोपी काढून डोकं पुसलं, तेव्हा दिसलं, की पुढून टक्कल पडायला लागलंय. ते मी घरी कोणालाच सांगितलं नाही.